सांडपाण्याच्या गाळातून किती गॅस मिळेल? आधीच सांगणारं मॉडेल कसं काम करतं

आपण फ्लश करतो, पाणी निघून जातं आणि आपल्यासाठी विषय संपतो. शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं काम मात्र तिथून सुरू होतं. पाणी स्वच्छ करून नदीत सोडलं तरी मागे काळपट, वास मारणारा गाळ उरतो. हा गाळ बंद टाकीत, हवा न लागू देता कुजवला की त्यातून मिथेन वायू मिळतो. गावाकडच्या गोबरगॅसचं जे तत्त्व, तेच इथेही.

अडचण एकच आहे. हा गाळ पटकन कुजत नाही आणि पूर्णपणे तर कधीच कुजत नाही. म्हणून टाकीत सोडण्याआधी त्याला वाफेने शिजवणं, ध्वनिलहरींनी फोडणं किंवा रसायनाने सैल करणं असे उपाय करतात. त्याला पूर्वप्रक्रिया म्हणतात. यंत्र विकणारा म्हणतो, "गॅस वाढेल." पण किती वाढेल? वाढलेल्या गॅसमधून यंत्राचा खर्च निघेल का? एवढी मोठी टाकी आधी बांधायची आणि मग बघायचं, असं परवडत नाही. म्हणून आधी गणिती मॉडेल चालवतात.

हे मॉडेल आतून कसं असतं आणि त्यात लोक कुठे फसतात, ते आज समजून घेऊ. शेवटी फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये एक छोटं मॉडेल तुम्ही स्वतः चालवू शकाल.

थोडक्यात

- गाळ कुजण्याचा वेग आणि गाळ कुजण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- पूर्वप्रक्रियेने यातली कोणती गोष्ट बदलली, हे कळल्याशिवाय गॅस किती वाढेल ते सांगता येत नाही.
- त्याच गाळाचं उत्तर १० दिवसांच्या टाकीत एक येतं आणि २० दिवसांच्या टाकीत दुसरं.
- गॅस वाढला म्हणजे ऊर्जा वाचली असं नाही. उष्णतेचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

गाळ म्हणजे नक्की काय?

सांडपाणी केंद्रात दोन प्रकारचा गाळ तयार होतो.

पहिला प्राथमिक गाळ. सांडपाणी मोठ्या टाकीत संथ ठेवलं की जड पदार्थ तळाशी बसतात. त्यात विष्ठा, अन्नाचे कण, कागदाचे तंतू, तेल-तूप असं बरंच काही असतं. हा गाळ तसा सहज कुजतो.

दुसरा दुय्यम गाळ. पाण्यात विरघळलेली घाण खाण्यासाठी सूक्ष्मजीव वाढवतात. त्यांना हवा देतात, ते घाण खातात आणि त्यांची संख्या वाढते. हे जास्तीचे सूक्ष्मजीव काढून टाकावे लागतात, तोच दुय्यम गाळ. म्हणजे हा गाळ जवळजवळ जिवाणूंच्या शरीरांचाच बनलेला असतो. त्यांच्या पेशींना मजबूत भिंत असते आणि भोवती चिकट पदार्थांचं आवरण असतं. खरं खाद्य भिंतीच्या आत अडकलेलं असतं. पूर्वप्रक्रियेची गरज पडते ती मुख्यतः याच गाळाला.

डायजेस्टरमध्ये काय घडतं?

बंद टाकीला डायजेस्टर म्हणतात. आतलं तापमान बहुतेक ठिकाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअस ठेवतात. आत चार टप्प्यांत काम चालतं.

१. जलविघटन: मोठे रेणू फुटतात. पिष्टमय पदार्थांची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्लं होतात, चरबीची स्निग्धाम्लं होतात.

२. आम्लनिर्मिती: सूक्ष्मजीव हे छोटे रेणू खाऊन वेगवेगळी आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात.

३. अ‍ॅसेटिक आम्लाची निर्मिती: बाकीच्या आम्लांचं रूपांतर अ‍ॅसेटिक आम्लात होतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल.

४. मिथेननिर्मिती: एक गट अ‍ॅसेटिक आम्लापासून मिथेन बनवतो, दुसरा गट हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून.

साखळीचा वेग तिच्या सगळ्यात मंद टप्प्यावर ठरतो. सांडपाण्याच्या गाळात हा मंद टप्पा बहुतेक वेळा पहिला असतो, म्हणजे जलविघटन. पुढचे सूक्ष्मजीव तयार असतात, पण खाद्यच हळूहळू सुटं होतं. त्यामुळे पूर्वप्रक्रियेचा सगळा रोख या पहिल्या टप्प्यावर असतो.

पूर्वप्रक्रिया किती प्रकारची असते?

- उष्ण जलविघटन: हा घरच्या प्रेशर कुकरचाच मोठा भाऊ. गाळ बंद भांड्यात वाफेने सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवतात, साधारण २० ते ३० मिनिटं ठेवतात आणि मग दाब एकदम सोडतात. दाब सुटताच पेशींमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेशी फाटतात.
- ध्वनिलहरी: कानाला ऐकू न येणाऱ्या, साधारण २० किलोहर्ट्झच्या लहरी गाळात सोडतात. सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पेशींना धक्का बसतो.
- रसायनं: कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली किंवा ओझोन वापरून पेशीची भिंत कमकुवत करतात.
- यांत्रिक पद्धत: जास्त दाबाने गाळ अरुंद फटीतून ढकलतात किंवा चक्कीसारखा दळतात.

जास्त तापवलं तर जास्त गॅस मिळेल, असंही नाही. १७५ अंशांच्या वर गेलं की साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून तपकिरी, न कुजणारे पदार्थ बनू लागतात. भाकरी करपल्यासारखाच हा प्रकार आहे. मग गॅस वाढायच्या ऐवजी कमी होतो.

मॉडेल म्हणजे काय? दोन आकड्यांची गोष्ट

सगळ्यात साधं मॉडेल फक्त दोन आकड्यांवर चालतं. ते समजायला तुमच्या हातातला फोन पुरेसा आहे.

फोन किती चार्ज होईल हे दोन गोष्टींवर ठरतं. बॅटरी किती मोठी आहे आणि चार्जर किती वेगवान आहे. बॅटरी तीच ठेवून फास्ट चार्जर लावला तर फोन लवकर भरेल, पण बॅटरीत मावतं त्यापेक्षा जास्त भरणार नाही. उलट, मोठी बॅटरी आणि जुनाच चार्जर असेल तर शेवटी जास्त साठा मिळेल, पण वाट बघावी लागेल.

गाळाचंही तसंच आहे.

- मर्यादा (बॅटरी): अमर्याद वेळ दिला तर १ किलो सेंद्रिय पदार्थातून जास्तीत जास्त किती लिटर मिथेन निघेल.
- वेग (चार्जर): कुजायचं शिल्लक आहे त्यातला किती हिस्सा एका दिवसात कुजतो. वेग ०.१५ असेल तर रोज शिल्लक मालाच्या साधारण १५ टक्के.

सुरुवातीला शिल्लक माल जास्त असतो, म्हणून गॅस जोरात येतो. जसजसा माल संपतो तसतसा गॅस मंदावतो. बॅटरीसुद्धा ८० टक्क्यांनंतर हळू भरते ना, आलेख साधारण तसाच दिसतो.

मर्यादा १०० टक्के का नसते? डाळ शिजवताना काही दाणे कितीही शिट्ट्या झाल्या तरी कडकच राहतात. त्यांना आपण गणंग म्हणतो. गाळातही असे गणंग असतात. काही पदार्थ जिवाणूंना पचतच नाहीत. पूर्वप्रक्रियेने गणंग कमी झाले तर मर्यादा वाढते. गणंग तेवढेच राहिले आणि बाकीचे दाणे लवकर शिजले, तर फक्त वेग वाढतो.

उदाहरण: कोणतं यंत्र चांगलं?

खालचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही एका केंद्राचे नाहीत.

- साधा गाळ: मर्यादा २०० लिटर, वेग ०.१५
- यंत्र अ (फास्ट चार्जर): मर्यादा २०० लिटर, वेग ०.४५
- यंत्र ब (मोठी बॅटरी): मर्यादा २६० लिटर, वेग ०.१५

आता टाकीचं सूत्र बघू. टाकीत रोज नवा गाळ येतो, तेवढाच जुना बाहेर जातो आणि आत सगळं ढवळलेलं असतं. गाळ सरासरी किती दिवस आत राहतो, त्याला आपण मुक्काम म्हणू. २००० घनमीटरच्या टाकीत रोज १०० घनमीटर गाळ सोडला तर मुक्काम २० दिवसांचा. सूत्र असं:

मिथेन = मर्यादा × (वेग × मुक्काम) ÷ (१ + वेग × मुक्काम)

हिशोब केला की हा तक्ता मिळतो. आकडे १ किलो सेंद्रिय पदार्थामागे लिटरमध्ये आहेत.

| मुक्काम | साधा गाळ | यंत्र अ | यंत्र ब |
|---|---|---|---|
| १० दिवस | १२० | १६४ | १५६ |
| २० दिवस | १५० | १८० | १९५ |
| ४० दिवस | १७१ | १८९ | २२३ |

१० दिवसांच्या टाकीत यंत्र अ जिंकतं. २० दिवसांच्या टाकीत यंत्र ब पुढे जातं. दोघांची बरोबरी साधारण साडेबारा दिवसांना होते. म्हणजे "कोणतं यंत्र चांगलं?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुमची टाकी किती मोठी आहे, हे आधी सांगावं लागतं.

मुक्काम जितका लांब, तितका फास्ट चार्जरचा फायदा कमी. फोन रात्रभर चार्जिंगला लावायचाच असेल तर फास्ट चार्जरने काय फरक पडतो? तसंच हे.

बाटलीत जास्त, टाकीत कमी. असं का?

प्रयोगशाळेत साधा गाळ बाटलीत २० दिवस ठेवला तर आपल्या आकड्यांनुसार सुमारे १९० लिटर मिथेन मिळेल. पण २० दिवस मुक्कामाच्या टाकीत मिळतात १५०. गाळ तोच, दिवस तेवढेच. मग ४० लिटर कुठे गेले?

बाटलीतला प्रत्येक कण पूर्ण २० दिवस आत असतो. ढवळलेल्या टाकीत तसं नसतं. काही गाळ आज आला आणि उद्याच बाहेर पडला, काही दोन महिने आत राहिला. २० दिवस ही फक्त सरासरी आहे. लवकर बाहेर पडलेला गाळ अर्धवट कुजलेला असतो आणि त्याचा गॅस आपल्याला मिळत नाही.

म्हणून बाटलीतला आकडा उचलून सरळ टाकीच्या प्रकल्प अहवालात टाकला की अंदाज फुगतो. ही चूक अगदी साधी आहे, पण तिच्यामुळे गॅस इंजिन गरजेपेक्षा मोठं घेतलं जाऊ शकतं.

हे दोन आकडे मिळवायचे कसे?

त्यासाठी मिथेन क्षमता चाचणी करतात. बंद बाटलीत थोडा गाळ आणि चालू डायजेस्टरमधलं विरजण घालतात. दह्याला विरजण लावतो तसंच, कारण तयार सूक्ष्मजीव त्यातूनच येतात. बाटली साधारण ३५ ते ३७ अंशांवर ठेवून रोज गॅस मोजतात. फक्त विरजण घातलेली एक बाटलीही शेजारी ठेवतात, म्हणजे विरजणाचा स्वतःचा गॅस वजा करता येतो. मिळालेल्या आलेखावर सूत्र बसवलं की वेग आणि मर्यादा हाती येतात.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा: चाचणी लवकर थांबवणं. समजा दोन गाळ आहेत. पहिल्याची मर्यादा २०० आणि वेग ०.१५, दुसऱ्याची मर्यादा ३०० आणि वेग ०.१०. दोन्हींचा गुणाकार ३०, म्हणून सुरुवातीचा चढ सारखाच. तिसऱ्या दिवशी पहिला सुमारे ७२ लिटर देतो, दुसरा ७८. एवढा फरक तर दोन बाटल्यांच्या मोजणीतच पडू शकतो. पण ३० व्या दिवशी पहिला १९८ वर आणि दुसरा २८५ वर असतो. पाच-सहा दिवसांत चाचणी गुंडाळली तर बॅटरी मोठी आहे की चार्जर वेगवान, हे ओळखताच येत नाही. म्हणून आलेख जवळजवळ सपाट होईपर्यंत थांबायचं असतं. त्याला महिनाभर लागू शकतो.

दुसरा सापळा: विरघळलं म्हणजे कुजेलच असं समजणं. पूर्वप्रक्रियेनंतर गाळातले बरेच पदार्थ पाण्यात उतरतात. हे मोजायला सोपं असतं आणि आकडाही मोठा दिसतो, म्हणून जाहिरातीत तोच छापतात. पण जे विरघळलं ते तसंही नंतर कुजणारच होतं का? की ते करपलेले, न पचणारे पदार्थ आहेत? पहिल्या बाबतीत फक्त वेग वाढतो, दुसऱ्या बाबतीत काहीच मिळत नाही.

दावा तपासायचा सोपा नियम

सांडपाण्याच्या क्षेत्रात सेंद्रिय पदार्थ "सीओडी" मध्ये मोजतात, म्हणजे ते पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा. १ किलो मिथेन जाळायला ४ किलो ऑक्सिजन लागतो. हवा नसलेल्या टाकीत हा हिशोब कुठे गायब होत नाही. गाळातून जेवढा सीओडी कमी झाला, तेवढाच मिथेनमध्ये दिसायला हवा. यातून नियम निघतो की १ किलो सीओडी नाहीसा झाला तर जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो (शून्य अंश तापमानाला आणि सामान्य दाबाला मोजलेला).

१ किलो जिवाणूंच्या सेंद्रिय पदार्थात साधारण १.४२ किलो सीओडी असतो. म्हणजे एकही गणंग न ठेवता सगळं कुजलं तरी सुमारे ५०० लिटर मिथेन, त्यापुढे नाही. आपल्या उदाहरणातला साधा गाळ २०० लिटर देतो, म्हणजे तो ४० टक्के पचतो. यंत्र ब नंतर २६०, म्हणजे ५२ टक्के. दुय्यम गाळातून कोणी ५०० लिटरच्या वरचा आकडा सांगत असेल तर मोजणीत किंवा सांगण्यात काहीतरी चुकलंय, हे लगेच ओळखा.

मोठं मॉडेल: एडीएम १

दोन आकड्यांचं मॉडेल सरासरी गॅस सांगतं. पण टाकी बिघडेल का, आम्लता वाढेल का, अमोनिया किती होईल, हे त्याला माहीत नसतं. त्यासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या अभ्यासगटाने "एडीएम १" नावाचं मॉडेल प्रसिद्ध केलं. ऑस्ट्रेलियातले संशोधक डेमियन बॅटस्टोन हे त्या गटाचे प्रमुख होते. आजही या क्षेत्रात हेच मॉडेल सर्वांत जास्त आधाराला घेतलं जातं.

त्यात १९ जैवरासायनिक प्रक्रिया आहेत. १ गाळ सुटा होण्याची, ३ जलविघटनाच्या, ८ सूक्ष्मजीवांच्या खाण्याच्या आणि ७ सूक्ष्मजीवांच्या मरण्याच्या. शिवाय द्रवातून वायूत जाण्याच्या ३ प्रक्रिया. सूक्ष्मजीवांचे ७ गट धरले आहेत. कोणी साखर खातं, कोणी अमिनो आम्लं, कोणी हायड्रोजन.

खाण्याचा वेग ठरवायला फ्रेंच शास्त्रज्ञ जॅक मोनो यांचं सूत्र वापरतात. वडापावच्या गाडीवर गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर विक्री वाढते. गर्दी खूप झाली की मात्र विक्री तळणाऱ्याच्या हातावर अडते, मग आणखी शंभर माणसं आली तरी वडे तेवढेच निघतात. सूक्ष्मजीवांचंही तसंच. खाद्य वाढलं की वेग वाढतो, पण एका कमाल मर्यादेपर्यंतच.

पूर्वप्रक्रिया या मॉडेलमध्ये तीन दारांनी शिरते:

- येणाऱ्या गाळाची वाटणी बदलते. घन स्वरूपातला काही भाग विरघळलेला म्हणून टाकावा लागतो.
- सुटं होण्याचा किंवा जलविघटनाचा वेग बदलतो.
- न कुजणारा हिस्सा, म्हणजे गणंग, बदलतो.

वेग आणि मर्यादा इथेही भेटतातच, फक्त जास्त तपशिलात. आणि तपशील जास्त म्हणजे चुकायची जागाही जास्त. इतके सगळे आकडे एका गॅसच्या आलेखावरून ठरवायला गेलं तर कुठलेही आकडे जुळवून आलेख बसवता येतो. म्हणून बहुतेक आकडे मूळ शिफारशीप्रमाणे ठेवून फक्त गाळाशी संबंधित थोडे आकडे बदलतात. मग ज्या दिवसांची माहिती मॉडेलला दाखवलेली नाही, त्या दिवसांवर ते तपासतात. पेपर आधी दाखवून घेतलेल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले तर त्याचं कौतुक काय?

अमोनिया: साधं मॉडेल इथे चुकतं

शिजवलेला गाळ पातळ होतो, सहज वाहतो. त्यामुळे तो जास्त दाट करून टाकीत सोडता येतो. साध्या गाळात साधारण ४ ते ६ टक्के घन पदार्थ असतात, तर शिजवलेला ८ ते १२ टक्क्यांपर्यंत चालतो. दाटपणा दुप्पट म्हणजे तेवढ्याच घन पदार्थाला जागा निम्मी. त्याच टाकीत २० दिवसांचा मुक्काम ४० दिवसांचा होतो, किंवा निम्म्या टाकीत काम भागतं. उष्ण जलविघटनाचा मोठा फायदा हाच आहे.

पण दाटपणाबरोबर प्रथिनंही दाट होतात आणि ती कुजली की अमोनिया तयार होतो. त्यातला मुक्त अमोनिया मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्रास देतो. सामू किंवा तापमान वाढलं की मुक्त अमोनियाचा वाटा वाढतो. हे सूक्ष्मजीव तसेही सावकाश वाढतात, संख्या दुप्पट करायला त्यांना दिवस लागतात. ते मागे पडले की आम्लं साचतात, सामू घसरतो आणि टाकी आंबते. ती पुन्हा रुळावर यायला आठवडे जाऊ शकतात.

दोन आकड्यांच्या मॉडेलला यातलं काहीच दिसत नाही, ते वाढीव गॅसच दाखवत राहतं. एडीएम १ मात्र सामू, हायड्रोजन आणि मुक्त अमोनिया या तिन्हींचा अडथळा धरतं. दाट, शिजवलेला गाळ असेल तर मोठं मॉडेल वापरायचं ते यासाठी.

उष्णतेचा हिशोब: फायदा की तोटा?

आता खर्चाकडे. १ किलो कोरडा गाळ घेऊ, त्यातला ०.७५ किलो सेंद्रिय. यंत्र ब आणि २० दिवसांचा मुक्काम असेल तर साध्यापेक्षा सुमारे ३४ लिटर मिथेन जास्त मिळतो. त्याची ऊर्जा अंदाजे १.२ मेगाज्यूल.

गाळ २० अंशांवरून १६५ अंशांपर्यंत तापवायला किती लागते?

- ५ टक्के घन असलेला गाळ: १ किलो कोरड्या गाळामागे २० किलो वजन तापवायचं. सुमारे १२.२ मेगाज्यूल. म्हणजे कमाईच्या दहापट खर्च.
- १६ टक्के घन असलेला गाळ: फक्त ६.२५ किलो वजन. सुमारे ३.८ मेगाज्यूल.

म्हणून उष्ण जलविघटनाच्या आधी गाळ पिळून दाट करणं हा पर्याय नसून गरज आहे. तरीही ३.८ हा आकडा १.२ पेक्षा मोठाच. मग हे परवडतं कसं? दाब सोडल्यावर निघणारी वाफ नव्या गाळाला तापवायला परत वापरतात, त्यातून १.७ पर्यंत वाचू शकतात. शिवाय गाळ गरमच असल्यामुळे डायजेस्टर वेगळा तापवावा लागत नाही, साध्या गाळाला त्यासाठी साधारण १.४ लागले असते. उरले ०.७, म्हणजे कमाईपेक्षा कमी. हा ढोबळ हिशोब आहे. बॉयलर आणि पाइपमधली गळती, गाळ पिळायची वीज यात धरलेली नाही. पण एक गोष्ट दिसते. वाफ परत वापरायची सोय नसेल तर सगळा खेळ तोट्याचा.

प्रत्यक्षातलं उदाहरण: वॉशिंग्टनचं ब्लू प्लेन्स

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीकाठी ब्लू प्लेन्स हे प्रचंड सांडपाणी केंद्र आहे. तिथे पूर्वी गाळात चुना मिसळून तो ट्रकने शेतांवर पाठवत. २०१५ मध्ये तिथे उष्ण जलविघटन सुरू झालं. उत्तर अमेरिकेतला हा पहिलाच मोठा प्रयोग. तंत्र नॉर्वेतल्या कॅम्बी कंपनीचं. त्या कंपनीचं पहिलं मोठं यंत्र १९९० च्या दशकाच्या मध्यात नॉर्वेतल्या हामार इथे बसलं होतं.

ब्लू प्लेन्समध्ये चार डायजेस्टर आहेत आणि प्रत्येकात सुमारे १.४४ कोटी लिटर गाळ मावतो. निघालेल्या गॅसवर टर्बाइन चालतात आणि केंद्राला सुमारे १० मेगावॅट निव्वळ वीज मिळेल असं नियोजन होतं. केंद्राच्या गरजेचा हा साधारण एक तृतीयांश भाग. टर्बाइनच्या गरम धुरावर जलविघटनाची वाफ तयार होते, म्हणजे वरच्या हिशोबातला उष्णतेचा प्रश्न तिथेच सुटतो. बाहेर न्यायचा माल निम्म्याहून कमी झाला, आणि इतक्या तापमानात रोगजंतू मरत असल्यामुळे उरलेला गाळ आता "ब्लूम" नावाने माती सुधारण्यासाठी विकला जातो.

इथे गॅस हा एकटाच फायदा नाही, हे लक्षात घ्या. कमी टाक्या, कमी ट्रक, जंतुमुक्त माल हे सगळं जोडलं तेव्हा गणित जमलं. फक्त गॅसचा आलेख बघून निर्णय घेणारा माणूस अर्धंच चित्र बघत असतो.

स्वतः करून बघा

फोनवर कोणतंही स्प्रेडशीट अ‍ॅप उघडा. पहिल्या रकान्यात मुक्काम लिहा: ५, १०, १५ असं ४० पर्यंत. वर तीन गाळांचे वेग आणि मर्यादा लिहा. प्रत्येक चौकटीत टाकीचं सूत्र टाका आणि आलेख काढा. मग एकेक आकडा बदला. वेग दुप्पट केला तर काय होतं? मर्यादा १० टक्के वाढवली तर? थोड्या वेळात लक्षात येईल की छोट्या टाकीत वेगाला भाव आहे आणि मोठ्या टाकीत मर्यादेला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोबरगॅसला हेच मॉडेल चालेल का?
तत्त्व तेच चालेल, आकडे बदलावे लागतील. शेणात न पचणारे तंतू जास्त असतात आणि घरगुती संयंत्र तापवत नाहीत, त्यामुळे वेग कमी असतो. म्हणूनच आपल्याकडे त्यांचा मुक्काम प्रदेशाप्रमाणे साधारण ३० ते ५५ दिवसांचा धरतात. थंड भागात तो जास्त लागतो.

मग एआय वापरून थेट अंदाज का काढत नाहीत?
काढतातही. पण माहितीवर शिकलेलं मॉडेल जे त्याने पाहिलंय त्याच्याच आसपास भरवशाचं असतं. पूर्वप्रक्रिया नवीन असेल तर जुनी माहितीच नसते. सीओडीचा हिशोब मात्र नव्या गाळालाही लागू पडतो.

प्राथमिक गाळालाही पूर्वप्रक्रिया करावी का?
फक्त गॅससाठी करायची तर फायदा थोडाच, कारण तो मुळातच बऱ्यापैकी कुजतो. जंतुमुक्त माल हवा असेल तर मात्र दोन्ही गाळ शिजवावे लागतात.

"गॅस ३० टक्के वाढतो" असा दावा दिसला तर काय विचारायचं?
तीन प्रश्न. किती दिवसांच्या मुक्कामाला? बाटलीत की चालू टाकीत? आणि तापवायला किती ऊर्जा लागली? या तिन्हींची उत्तरं मिळाली तरच त्या ३० टक्क्यांना अर्थ आहे.